चर्चचे दार बंद असताना घरातली उपासना कशी चालू ठेवावी

ज्या कुटुंबांना रविवारी चर्चपर्यंत पोहोचता येत नाही, किंवा आज येते पण उद्याची खात्री नाही, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. कारणे अनेक असतात. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. पुढच्या वर्षी ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. वसईतली कितीतरी माणसे जहाजावर नोकरी करतात आणि त्यांना महिनोन्महिने मिस्सा, म्हणजे धर्मगुरूंनी चालवायची चर्चमधली मुख्य उपासना, मिळत नाही. आखातात गेलेल्यांपैकी जे सौदी अरेबियात आहेत, त्यांच्या आजूबाजूला चर्चची इमारतच नाही, कारण तिथे ती बांधायला परवानगी नाही. बदलीच्या नोकरीपायी आडगावी राहणारे, अंथरुणाला खिळलेले, आणि वस्तीतले वातावरण बिघडल्यामुळे एकत्र जमायला कचरणारे हेही याच रांगेत येतात.

अशा वेळी प्रश्न एकच असतो: धर्मगुरू नाहीत, मिस्सा नाही, मग नेमके करायचे काय? या प्रश्नाचे सर्वांत दीर्घ काळ कसाला लागलेले उत्तर जपानमधील नागासाकी परिसरातल्या ख्रिस्ती लोकांकडे आहे, आणि त्या भूमीशी वसईचे नाते रक्ताचे आहे. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. त्यांच्याबरोबरचा अंजिरो हा जपानी माणूस त्याच्या आदल्या वर्षी गोव्यातच बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला होता. पुढे १५८७ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांतले एक वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन ब्रदर गोन्सालो गार्सिया होते. त्यांची आई इथलीच होती, आणि जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे ते फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषे म्हणून तिकडे गेले होते. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. १६४४ मध्ये जपानमधले शेवटचे धर्मगुरू मारले गेले, आणि त्यानंतर दोनशे वीस वर्षे तिथल्या ख्रिस्ती घरांत एकही धर्मगुरू नव्हता.

एवढ्या काळात त्यांच्याजवळ इमारत नव्हती आणि उघड ठेवता येतील अशी पुस्तकेही नव्हती. प्रत्येक घराला बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे, आणि नागासाकी भागात दरवर्षी ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावे लागे. त्या प्रतिमेला फुमि-ए म्हणत. तरीही सणांच्या तिथी त्यांच्याकडे राहिल्या, प्रार्थना तोंडपाठ राहिल्या, आणि कोणी कोणते काम करायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले राहिले. माझे सांगणे एवढेच आहे की हे सर्व अडचण दाराशी येण्याआधी करून ठेवायचे असते. आल्यावर वेळही नसतो आणि मनही थाऱ्यावर नसते.

तिथींची वही

१७ मार्च १८६५ रोजी, शुक्रवारी, नागासाकीतल्या नुकत्याच बांधून झालेल्या ओउरा चर्चमध्ये काय घडले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. हे चर्च परदेशी व्यापाऱ्यांसाठी होते. जपानी माणसाला ख्रिस्ती होण्याची बंदी तशीच होती. उराकामी गावातून बारा-पंधरा माणसे चर्च पाहायला म्हणून आली. फ्रेंच धर्मगुरू बर्नार पतीजाँ गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्यांतली एक स्त्री जवळ आली आणि हळूच म्हणाली की आमचे अंतःकरण आणि तुमचे अंतःकरण एकच आहे. मग तिने विचारले, सांता मरियेची मूर्ती कुठे आहे? मूर्तीपुढे उभे राहिल्यावर त्या लोकांनी आपल्या सणांविषयी सांगितले, आणि आज आमच्या दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस आहे, तुम्हीही तो पाळता का, असे विचारले. ईस्टरआधीचा हा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, आणि त्या वर्षी तो बुधवार १ मार्चला होता. १ मार्च धरून मोजले तर १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस येतो.

दोन शतके धर्मगुरूंचा आवाज कानी न पडलेल्या शेतकऱ्यांचा प्रायश्चित्तकाळ एका दिवसानेही चुकला नव्हता. मी हे जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा माझा हात थांबतो. हे त्यांना जमले, कारण बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाकडून आलेली तिथींची वही ते जपत होते. १६३४ सालच्या पंचांगावरून तयार झालेली ती वही हाताने नकलून पुढे दिली जाई आणि तिच्यावरून दरवर्षीचे सण ठरत. उराकामीत ज्याच्याकडे ती असे त्याला चोकाता म्हणत. येत्या आठवड्यात कोणता सण, कोणता उपवास आणि कोणत्या दिवशी काम करायचे नाही, हे तो सांगे.

आपल्या घरासाठी अशी वही करणे अवघड नाही. दोनशे पानी वही घ्या आणि पुढच्या तीन वर्षांच्या तिथी स्वतःच्या हाताने लिहा. छापील कॅलेंडर किंवा मोबाइल असला तरी लिहा, कारण छापील कॅलेंडर डिसेंबरात संपते आणि मोबाइल नेमका नको तेव्हा बंद पडतो. सर्व तिथींचे मूळ ईस्टरमध्ये आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. चर्च ही पौर्णिमा स्वतःच्या कोष्टकावरून काढते, त्यामुळे पंचांगाशी क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण अंदाज घ्यायला आपले पंचांग पुरते. उदाहरणार्थ, २०२० मध्ये चैत्र पौर्णिमा बुधवारी, ८ एप्रिलला होती, म्हणून ईस्टर १२ एप्रिलला आला. ईस्टरपासून ४६ दिवस मागे गेले की राखेचा बुधवार मिळतो. त्या वर्षी तो २६ फेब्रुवारीला होता. ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. ईस्टर हा पहिला दिवस धरून पन्नासावा दिवस पेन्टेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाचा. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. स्थिर तिथीचे सण, घरातल्यांच्या बाप्तिस्म्याचे दिवस आणि मृतांची वर्षश्राद्धेही त्याच वहीत येऊ द्या.

वही कपाटात ठेवून उपयोग नाही. दर शनिवारी संध्याकाळी घरातल्या एकाने ती उघडून उद्याचा दिवस कोणता आहे ते मोठ्याने सांगावे. आठवड्याचे सगळे दिवस सारखेच दिसू लागणे हे बंदिवासातले पहिले नुकसान असते, आणि टाळेबंदीत आपण सर्वांनी ते अनुभवले आहे.

पाठांतर

१२ एप्रिल २०२० च्या ईस्टरला आमच्या घरी सगळे जण मोबाइलवरची मिस्सा पाहत बसलो होतो आणि विश्वासांगीकाराच्या, म्हणजे आपली श्रद्धा जाहीर करणाऱ्या प्रार्थनेच्या, मध्यावर नेटवर्क गेले. आम्ही तसेच पुढे म्हणत राहिलो. दोन-तीन ओळींनंतर माझ्या लक्षात आले की मी, माझी बायको आणि मुले एकेक करून गप्प झालो आहोत आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील एकटेच शेवटपर्यंत म्हणत आहेत. दर रविवारी शेकडो आवाजांत आवाज मिसळून म्हटलेले आपल्याला येते असे मी समजत होतो, आणि ते मला येत नव्हते.

म्हणून पहिल्या महिन्यात पाठांतराचे काम घ्या. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिये, त्रैक्याची स्तुती, प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि पश्चात्तापाची प्रार्थना एवढे घरातल्या प्रत्येकाला, सात वर्षांच्या मुलापासून पुढे, कागद न पाहता आणि एकट्याने म्हणता आले पाहिजे. त्यानंतर स्तोत्रसंहितेतली २३, १२१ आणि १३० ही स्तोत्रे घ्यावीत. ती लहान आहेत आणि रात्री झोप न येणाऱ्या माणसाला उपयोगी पडतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली धन्यवचने आणि लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलाचा दाखला पुढच्या वर्षासाठी ठेवा.

पाठ करण्याची पद्धत साधी ठेवावी. जपमाळेच्या आधी, जिला आमच्याकडची जुनी माणसे तेर्स म्हणतात, रोज एकच ओळ घ्यायची. एकाने म्हणायची, बाकीच्यांनी पाठोपाठ म्हणायची, असे तीनदा. दुसऱ्या दिवशी कालची ओळ आधी म्हणून मगच नवी घ्यायची. सातव्या दिवशी दिवा मंद करून, पुस्तक बंद ठेवून, प्रत्येकाने आठवड्याच्या सगळ्या ओळी एकट्याने म्हणायच्या. जो अडेल त्याला दुसऱ्याने लगेच सांगू नये. चार श्वास थांबावे. अडलेली ओळ स्वतःला आठवली तर ती पक्की होते. चालीवर म्हटलेले जास्त टिकते, म्हणून स्तोत्रे शक्यतो गाऊन पाठ करा, आणि वाद्याशिवाय गाता येतात का ते पाहा.

इथे नागासाकीकडून एक इशाराही घेण्यासारखा आहे. तिथले लोक प्रार्थनेला ओराशो म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचे ते जपानी रूप. लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी शब्द एकमेकांत मिसळलेल्या या प्रार्थना इकित्सुकी बेटावर आपल्या काळापर्यंत म्हटल्या गेल्या, पण म्हणणाऱ्यांना त्यांतल्या पुष्कळ ओळींचा अर्थ उरला नव्हता. ज्या परिस्थितीत त्यांनी त्या जपल्या ती पाहता त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. आपल्याला मात्र प्रार्थना मराठीत मिळाल्या आहेत, तेव्हा अर्थ हरवण्याचे कारण नाही. दर ओळीमागे मुलाला एकदा तरी विचारावे की याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग. ‘जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ दहा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या शब्दांत सांगितली की मोठ्यांनाही ती नव्याने ऐकू येते.

कामे माणसाच्या नावाने ठरवा

सगळ्यांनी मिळून करायचे काम कोणीच करत नाही, हा अनुभव प्रत्येक वस्तीत आहे. उराकामीत चोकाताबरोबर बाप्तिस्मा देणारा मिझुकाता असे, आणि घरोघर निरोप पोहोचवणारा किकियाकु असे. ही पदे माणसाच्या नावाने ठरलेली असत आणि तो माणूस गेला तर त्याच्या मागे कोण, हेही ठरलेले असे.

दहा-बारा घरांच्या वस्तीत एकाने तिथींची वही सांभाळावी, एकाने वाचने ठरवावीत, आजारी आणि एकट्या माणसांकडे कोणी जायचे ते ठरवावे, आणि फोन बंद असतील तेव्हा पायी निरोप नेणारा एक तरुण नेमावा. प्रत्येक नावापुढे दुसरे नाव लिहा. धर्मगुरू उपलब्ध असतील तेव्हाच ही यादी त्यांना दाखवून घ्या. त्यांना डावलून उभी केलेली व्यवस्था पुढे भांडणाचे मूळ होते.

तातडीच्या बाप्तिस्म्याविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण चूक होते ती इथेच. मृत्यूचा धोका असेल आणि धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) येऊ शकत नसतील, तर कॅथलिक शिकवणीप्रमाणे कोणीही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. चर्चला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू मात्र हवा. साधे स्वच्छ पाणी घ्यावे. बाळाचे नाव घेऊन, डोक्यावरून वाहील असे पाणी तीनदा ओतत म्हणावे: ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ ओतणारी स्त्री असेल तर ‘देते’. ओतणारा आणि बोलणारा एकच असावा, आणि शब्द पाणी पडत असतानाच उच्चारावेत. आपण सगळे कुटुंब मिळून देत आहोत या प्रेमळ भावनेने ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणू नये. तसे म्हटल्यास बाप्तिस्मा ग्राह्य ठरत नाही, हे व्हॅटिकनने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. नंतर लगेच कागदावर तारीख, वेळ, जागा, बाळाचे व आईवडिलांचे नाव, देणाऱ्याचे नाव आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. बाळ बरे झाले तर बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो. उरलेले विधी चर्चमध्ये होतात आणि नोंद धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीच्या, पुस्तकात होते. केवळ चर्च बंद आहे आणि घरी पाहुणे जमले आहेत, एवढ्यावरून हा बाप्तिस्मा देऊ नये.

रविवारची उपासना

घरी मिस्साची नक्कल करू नका. भाकर आणि द्राक्षरस मेजावर मांडून धर्मगुरूंचे शब्द उच्चारणे कितीही भक्तिभावाने केले तरी ते चुकीचे आहे. नागासाकीच्या लोकांचे मोठेपण मला इथे विशेष वाटते. आपल्याकडे काय नाही याची जाणीव त्यांनी बोथट होऊ दिली नाही. सात पिढ्यांनंतर पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू समुद्रापलीकडून येतील, असे बास्तियानच्या नावाने सांगितले जाई आणि ते लोक वाट पाहत राहिले. पतीजाँ यांच्याशी पुढे झालेल्या भेटींत त्यांनी रोमच्या पोपविषयी विचारले आणि धर्मगुरू अविवाहित असतात ना, याचीही खात्री करून घेतली. ज्यांनी वाट पाहिली त्यांनाच आलेला माणूस ओळखता आला.

जागा ठरलेली असावी. घरातल्या आल्तारापुढची (देव्हाऱ्यापुढची) जागा झाडून, स्वच्छ कापड घालून, क्रूस आणि एक मेणबत्ती ठेवावी. टीव्ही बंद असावा, आणि घरातल्या रोजच्या कपड्यांत न बसता रविवारचे कपडे घालावेत. अंगावरचे कपडे बदलले की मुलांची बसण्याची रीतही बदलते. क्रुसाच्या खुणेने आरंभ करून एक गीत म्हणावे. मग थोडा वेळ शांत बसून आठवड्यातल्या चुका आठवाव्यात आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणावी. त्या रविवारचे पहिले वाचन, प्रतिसाद स्तोत्र आणि शुभवर्तमान वाचावे. शुभवर्तमानाला सगळ्यांनी उभे राहावे. वाचन आदल्या रात्री एकदा मोठ्याने वाचून ठेवलेले असावे, म्हणजे नावे अडत नाहीत. प्रवचन देण्याचा कोणी प्रयत्न करू नये. त्याऐवजी पाच मिनिटे पूर्ण शांतता ठेवावी आणि नंतर ज्याच्या मनात जे वाक्य राहिले असेल ते त्याने फक्त पुन्हा म्हणावे. लहान मुले पाच मिनिटे बसत नाहीत असे आपण समजतो, पण तिसऱ्या रविवारपासून ती बसू लागतात.

त्यानंतर विश्वासांगीकार, आणि मग विनंत्या. विनंत्यांत माणसांची नावे घ्या: शेजारच्या आजारी बाई, जहाजावरचा भाचा, आपल्याशी वाकडे वागणारा माणूसही. प्रभूची प्रार्थना म्हणून झाल्यावर ख्रिस्तशरीर आत्मिकरीत्या स्वीकारण्याची प्रार्थना म्हणावी, ज्यात आपण ते आज प्रत्यक्ष घेऊ शकत नाही, तरी मनापासून इच्छितो असे सांगतो. शेवटच्या आशीर्वादात घरच्या प्रमुखाने ‘प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो’ असे, सर्वांत स्वतःला धरून, म्हणावे. ‘तुम्हाला’ असा आशीर्वाद धर्मगुरूंनी द्यायचा असतो. या सगळ्याला चाळीस मिनिटे लागतात. रविवारचे दान बाजूच्या डब्यात टाकत राहा. चर्च उघडेपर्यंत ते साठते, किंवा वस्तीतल्या ज्या घरात चूल पेटत नाही तिथे जाते.

पापनिवेदन आणि अंत्यविधी

पापनिवेदन ऐकायला कोणी नसेल तेव्हा देवावरील प्रेमातून आलेला संपूर्ण पश्चात्ताप आणि मिळेल त्या पहिल्या संधीला धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करण्याचा पक्का निश्चय, या दोहोंनी क्षमा मिळते अशी चर्चची शिकवण आहे. २० मार्च २०२० च्या टिपणात व्हॅटिकनने तिची पुन्हा आठवण करून दिली. जपानमध्ये याच विषयावरची १६०३ सालची छोटी पुस्तिका, कोन्चिरिसान, लोकांनी जिवापाड जपली. फुमि-एवर पाय ठेवावा लागलेली माणसे घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, असे त्या परंपरेत सांगतात.

दफनविधी तिथे बौद्ध भिक्षूंकडून करून घ्यावा लागे, आणि तो चालू असताना घरातली माणसे बाजूच्या खोलीत आपला वेगळा ओराशो म्हणत बसत. आपल्याकडे टाळेबंदीत अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती. अनेकांना आपल्या माणसाला नीट निरोपही देता आला नाही. त्यासाठी वहीत शेवटची चार पाने राखून ठेवा: मृताजवळ म्हणायची प्रार्थना, १३० वे स्तोत्र, योहानाच्या अकराव्या अध्यायातले ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे वचन, माती देतानाची प्रार्थना आणि दोन गीते. जे येऊ शकत नाहीत त्यांनी त्याच घटकेला आपापल्या घरी तीच चार पाने म्हणावीत.

मोकळीक अर्धवट असते तेव्हा

पूर्ण बंदीपेक्षा अर्धवट मोकळीक कधी कधी जास्त कठीण जाते, कारण काय चालेल आणि काय नाही हे कोणालाच ठाऊक नसते. उराकामीत १८६५ नंतर तसेच झाले. धर्मगुरू भेटले होते, पण बंदीचे फलक चौकाचौकांत उभेच होते. १८६७ मध्ये लोकांनी बौद्ध मंदिराला न कळवता स्वतः दफनविधी करायला सुरुवात केली आणि अटकसत्र सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत सुमारे ३,४०० माणसांना गावातून उचलून देशाच्या वेगवेगळ्या भागांत पाठवण्यात आले, घरे मोडली, आणि सहाशेहून अधिक जण हद्दपारीत मरण पावले. पाश्चात्त्य देशांनी या वागणुकीचा निषेध केल्यानंतर २४ फेब्रुवारी १८७३ रोजी फलक काढले गेले.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात असे मला वाटते. कोणते पाऊल कधी उचलायचे हे एकट्याने ठरवू नये. एकाच्या धाडसाची किंमत सगळी वस्ती मोजते. आणि जो घाबरला त्याला तोडू नये. हद्दपारीत छळाखाली अनेकांनी श्रद्धा नाकारली होती, आणि त्यांतले पुष्कळ नंतर पश्चात्ताप करून परतले. परतायला दार उघडे होते म्हणून परतले.

वसईनेही सत्तापालट पाहिला आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले, आणि इथलीच माती असलेले ख्रिस्ती लोक आपल्या शेतावाड्यांसह आणि उपासनेसह इथेच राहिले. आज राज्यघटनेचे कलम २५ धर्म मानण्याचे आणि आचरण्याचे स्वातंत्र्य देते, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. तरीही तणाव असेल तिथे काही गोष्टी पाळाव्यात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की आमच्याकडे प्रार्थना असते. न सांगितलेल्या गोष्टीवरून अफवा उठतात. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे, आणि घरच्या उपासनेला तो दिवसाही लागत नाही. आलेल्यांचे फोटो त्यांना न विचारता कुठेही टाकू नका. दानाचा हिशेब लिहून ठेवा. कोणी येऊन अडवले तर वाद न घालता घरमालकाने एकट्याने बोलावे, बाकीच्यांनी आत प्रार्थना चालू ठेवावी, आणि झाले ते त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून धर्मगुरूंना व जाणत्या वकिलाला कळवावे.

दार उघडल्यावर

उराकामीचे लोक १८७३ मध्ये परतले तेव्हा घरांत भांडी नव्हती आणि शेतात अवजारे नव्हती. पुढच्याच वर्षी आमांशाची साथ आली आणि हद्दपारीतून आलेल्या इवानागा माकी या तरुणीने इतर मुलींसह रोग्यांची सेवा केली, पोरक्या मुलांना सांभाळले. चर्चसाठी जागा त्यांनी पुढे घेतली ती गावच्या मुखियाच्या वाड्याची, जिथे दरवर्षी त्यांना फुमि-एवर पाय ठेवायला लावत. नऊ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने ते चर्च पाडले, आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री ढिगाऱ्यातून काढलेली एक घंटा तिथे वाजली.

सर्वच जण मात्र चर्चमध्ये परतले नाहीत. काही घरांनी पूर्वजांनी जपलेली रीत हीच आपली श्रद्धा मानली आणि ते वेगळे राहिले. लांबलेल्या खंडानंतर आपल्याकडेही काही माणसे परत येत नाहीत. सवय मोडते, किंवा मोबाइलवरची मिस्सा सोयीची वाटू लागते. म्हणून चर्च उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात निरोप नेणाऱ्याने यादीतल्या प्रत्येक घरी जाऊन रविवारी कोण येणार, कोणाला आणायला गाडी लागेल, हे विचारून यावे. तातडीच्या बाप्तिस्म्याचे कागद धर्मग्राम कार्यालयात नोंदवावेत. अंत्यविधी घाईत झालेल्यांची नावे देऊन त्यांच्यासाठी मिस्सा सांगावी. पापनिवेदनाचा जो निश्चय केला होता तो पहिल्या शनिवारी पुरा करावा. आणि पुढच्या तीन वर्षांच्या तिथी लिहायला वहीचे नवे पान उघडावे.